गिटारचा ब्रिज: लावून घ्यावा, दुरुस्त करावा की बदलावा?

इलेक्ट्रिक गिटार घेऊन वर्ष-दीड वर्ष झालं, हात जरा बसला, की पुण्यातल्या बहुतेक वाजवणाऱ्यांच्या मनात एक प्रश्न येतो: ब्रिज बदलावा का? गिटार सुरात राहत नाही, बाराव्या फ्रेटच्या पुढे सूर चढे लागतात, तारा खडखडतात, स्वर लवकर विरतो, व्हॅमी बार दाबला की सगळंच उतरतं. तक्रार कुठलीही असो, मित्रमंडळींत उपाय एकच सांगितला जातो. मग पितळी सॅडल, पोलादी ब्लॉक, जपानी किंवा जर्मन बनावटीचा ब्रिज यांचा शोध सुरू होतो. कधी तर गिटारच्या निम्म्या किमतीचा ब्रिज मागवला जातो आणि तो घरी आल्यावर कळतं, की भोकंच जुळत नाहीत.

पुणं हे गिटार वाजवणाऱ्यांचं शहर आहे. ‘अग्नी’सारखा बँड इथून पुढे आला, २०१० साली एनएच७ वीकेंडर इथेच सुरू झाला, आणि महाविद्यालयांच्या महोत्सवांत दरवर्षी नवी मुलं गिटार घेऊन उभी राहतात. तरीही ब्रिजबद्दलचं आपलं ज्ञान बरंचसं ऐकीव आहे. म्हणून या प्रश्नाचा सगळ्या बाजूंनी आढावा घ्यायला हवा. माझं मत आधीच सांगतो. ब्रिज बदलणं हा क्रमाने शेवटचा उपाय आहे. त्याआधी लावणी आहे, साफसफाई आहे, दुरुस्ती आहे. आणि ब्रिज या वस्तूकडे पाहायचं कसं, हे शिकायला महाराष्ट्रातच, मिरजेत, एक फार जुनी शाळा आहे.

ब्रिजची कामं

तारेचं एक टोक नटवर टेकतं, दुसरं ब्रिजवरच्या सॅडलवर. या दोन टेकूंमधली लांबी म्हणजे वाजणारी तार. फेंडर पद्धतीच्या गिटारवर ही लांबी ६४८ मिलिमीटर असते, गिब्सन पद्धतीच्या गिटारवर सुमारे ६२८. ब्रिजचं पहिलं काम या लांबीचा शेवट पक्का करणं. दुसरं काम तारांचा ताण पेलणं. दहा नंबरच्या सेटमधल्या सहा तारा सुरात आणल्या की त्यांचा एकत्रित ताण ४५ किलोंच्या वर जातो आणि तो रात्रंदिवस चालू असतो. तिसरं काम तारांची उंची, म्हणजे अ‍ॅक्शन ठरवणं. चौथं काम प्रत्येक तारेची लांबी वेगवेगळी जुळवणं. यालाच आपण इंटोनेशन म्हणतो.

या चौथ्या कामाचं कारण समजून घेण्यासारखं आहे. तार फ्रेटवर दाबली की ती किंचित ताणली जाते आणि सूर चढतो. शिवाय तारेला स्वतःचा ताठपणा असतो, जाड तारेला अधिक. त्यामुळे गणिताने आलेली लांबी प्रत्यक्षात थोडी कमी पडते आणि सॅडल मागे सरकवून तिची भरपाई करावी लागते. म्हणून नीट लावलेल्या गिटारवर सहाही सॅडल एका रेषेत दिसत नाहीत, तिरकी पायरी दिसते. तपासण्याची रीत सोपी आहे. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक वाजवावा, मग तोच फ्रेट दाबून सूर वाजवावा आणि दोन्ही ट्यूनरवर पाहावेत. दाबलेला सूर चढा असेल तर सॅडल मागे न्यावं, उतरा असेल तर पुढे आणावं. मात्र हे नव्या तारा चढवून करायचं. जुन्या, गंजलेल्या तारेवर इंटोनेशन कधीच खरं लागत नाही.

एकेका अडचणीतून आलेले ब्रिज

आज बाजारात दिसणारा प्रत्येक ब्रिज कोणत्या तरी अडचणीवरचं उत्तर म्हणून जन्मला आणि त्या उत्तराने एखादी नवी अडचण आणली. निवड करताना हा इतिहास उपयोगी पडतो.

फेंडरच्या ब्रॉडकास्टरवर १९५० साली आलेला ब्रिज, जो पुढे टेलिकास्टरचा म्हणून ओळखला गेला, अगदी साधा आहे: पत्र्याची एक तबकडी, तिच्यावर तीन सॅडल, एका सॅडलवर दोन तारा. तारा बॉडीच्या आरपार मागून येतात, त्यामुळे पकड घट्ट. पण दोन तारांना एकच सॅडल असल्याने इंटोनेशनमध्ये तडजोड अटळ. तिरकी कापलेली सॅडल आणि सहा सॅडलचे ब्रिज त्यासाठीच आले. टेलिकास्टरच्या बाबतीत एवढाच बदल बहुतेकांना पुरतो.

गिब्सनच्या टेड मॅकार्टी यांचा ट्यून-ओ-मॅटिक १९५४ साली लेस पॉल कस्टमवर आला. प्रत्येक तारेला स्वतंत्र सॅडल, उंचीसाठी दोन खांब आणि तारा अडकवायला मागे वेगळा टेलपीस. रचना इतकी नेमकी, की आजही ती जवळजवळ तशीच वापरली जाते. तिचा कमकुवतपणा धातूत आहे. जस्ताच्या मिश्रधातूचा ब्रिज तारांच्या दाबाखाली वर्षानुवर्षं राहिला की मधोमध खचतो. मधल्या तारा खाली जातात आणि ब्रिज कितीही वर उचलला तरी खडखड जात नाही. अशा ब्रिजवर उपाय करण्यात वेळ घालवू नये. तो बदलणंच योग्य.

त्याच १९५४ साली स्ट्रॅटोकास्टर आली आणि तिच्याबरोबर हलणारा ब्रिज आला. पुढून तारा ओढतात, मागच्या खाचेतल्या स्प्रिंगा उलट्या दिशेने ओढतात आणि ब्रिज या दोन ओढींच्या समतोलावर उभा राहतो. पुण्यात दिसणाऱ्या स्वस्त गिटारांपैकी बहुसंख्य याच जातीच्या असल्याने ‘सुरात राहत नाही’ ही तक्रारही इथेच सर्वाधिक. सहा स्क्रूंपैकी मधले चार जरा जास्त आवळलेले असले, तरी ब्रिज अडकत हलतो आणि मूळ जागी परत येत नाही. म्हणून १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात फेंडरने दोन खांबांवर झुलणारा ब्रिज आणला, ज्यात घर्षण पुष्कळ कमी होतं.

बिग्सबी हा १९५० च्या दशकाच्या सुरुवातीचा व्हायब्रेटो. त्याचा डौल आणि त्याची हळुवार लहर यांना तोड नाही, पण त्याच्यासोबत साधं सॅडल असेल तर तार खाचेत अडकते. रोलर असलेला ब्रिज लावला की ही अडचण बरीच सुटते.

फ्लॉइड रोझ यांच्या ब्रिजला १९७९ साली पेटंट मिळालं. तार नटवर आणि ब्रिजवर, दोन्हीकडे करकचून आवळायची, म्हणजे बार कितीही दाबला-ओढला तरी सूर परत जागेवर. एडी व्हॅन हेलनसारख्या वादकांनी त्याची ताकद जगाला दाखवली. किंमतही मोठी आहे: लाकूड कोरावं लागतं, नट बदलावा लागतो, तार बदलायला अ‍ॅलन की लागते, आणि कार्यक्रमात एक तार तुटली की समतोल बिघडून उरलेल्या पाचही बेसूर होतात. ज्याला बारचा खरोखर भरपूर वापर करायचा आहे, त्याच्यासाठीच तो आहे.

गेल्या दीड दशकात आलेला एव्हरट्यून नेमका उलट्या विचाराचा. यात प्रत्येक तारेमागे स्प्रिंग आणि तरफ असते, ती ताण स्थिर ठेवते. हवामान बदललं किंवा तार जोरात छेडली तरी सूर हलत नाही. स्टुडिओत त्याचा मोठा उपयोग. पण त्यासाठी बॉडी खूप कोरावी लागते आणि ते लाकूड परत येत नाही.

दोष खरोखर ब्रिजचा का?

आता तक्रारींकडे वळू. गिटार उतरते तेव्हा आधी तीन ठिकाणं पाहावीत: तारा जुन्या झाल्यात का, खुंट्यांवर त्या नीट गुंडाळल्यात का आणि नटच्या खाचा अरुंद आहेत का. सूर लावताना ‘टिक’ असा आवाज येऊन सूर एकदम उडी मारत असेल, तर तार नटमध्ये अडकते आहे, ब्रिज निर्दोष आहे. खाच साफ करून पेन्सिलीच्या शिशाची पूड घातली तरी फरक कळतो.

पुण्याच्या हवेचा हिशेबही मांडला पाहिजे. मार्च-एप्रिलच्या दुपारी इथली हवा अतिशय कोरडी असते आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत तीच दमट होते. लाकूड या फेऱ्यात आकसतं आणि फुगतं, नेकचा बाक बदलतो आणि त्याबरोबर तारांची उंचीही. उन्हाळ्यात खडखडणारी गिटार पावसाळ्यात आपोआप ‘बरी’ होते किंवा उलट घडतं, त्याचं कारण हेच. हा दोष ट्रस रॉड पाव वळसा फिरवून आणि सॅडलची उंची जुळवून जातो. वर्षातून दोनदा, उन्हाळ्याच्या तोंडाशी आणि पावसाळा स्थिरावल्यावर, सेटअप करून घेतला तर ब्रिजवरचे निम्मे आरोप गळून पडतील. उंचीचं एक सर्वसाधारण माप लक्षात ठेवावं: बारीक तारेखाली सुमारे १.६ मिलिमीटर आणि जाड तारेखाली त्याहून किंचित अधिक.

तार पुन्हा पुन्हा सॅडलवरच तुटत असेल तर तिथे धार किंवा बारीक कंगोरा तयार झालेला असतो. हजार नंबरच्या पॉलिश पेपरने तो गुळगुळीत होतो. हाताच्या घामाने सॅडलचे स्क्रू गंजतात. ते जाम झाले म्हणून अख्खा ब्रिज टाकून देणारे लोक आहेत. खरं तर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब, एक दिवसाची सबुरी आणि नेमक्या मापाची अ‍ॅलन की एवढं पुरतं. व्हॅमी बार वापरतच नसाल, तर मागच्या खाचेत ब्लॉकशेजारी मापाचा लाकडी तुकडा घट्ट बसवून ब्रिज स्थिर करता येतो. या बदलात काही कापलं जात नाही आणि हवा तेव्हा तो काढता येतो. नव्याने वाजवणाऱ्याला मी हाच बदल सर्वात आधी सुचवेन.

मग ब्रिज बदलायचा कधी? तो खचला असेल, स्क्रूंचे आटे झिजून सॅडल जागेवर राहत नसेल, हलणाऱ्या ब्रिजची धार बोथट झाली असेल, सॅडल पुढे-मागे नेऊनही इंटोनेशन लागत नसेल, किंवा वाजवण्याची शैलीच बदलून वेगळ्या यंत्रणेची गरज असेल तेव्हा. ही पाच कारणं खरी.

मापं आधी, खरेदी नंतर

बदलायचं ठरलंच तर व्हर्नियर कॅलिपर हातात घ्यावा. जुन्या अमेरिकन मापाच्या सहा स्क्रूंच्या ब्रिजमध्ये पहिल्या आणि शेवटच्या स्क्रूमधलं अंतर सुमारे ५६ मिलिमीटर असतं. आशियात बनलेल्या अनेक गिटारांवर ते ५२ ते ५४ मिलिमीटर भरतं. दोन खांबांच्या फेंडर ब्रिजचं अंतरही सुमारे ५६, तर फ्लॉइड रोझचं ७४ च्या थोडं पुढे. ट्यून-ओ-मॅटिकच्या खांबांमधलं अंतर ७४ च्या आसपास सारखं असलं, तरी खांबांची जाडी सारखी नसते: जुन्या गिब्सनचे खांब बारीक, आशियाई गिटारांचे बहुधा ८ मिलिमीटरचे. काही स्वस्त गिटारांची बॉडी नेहमीच्या ४५ ऐवजी ४० मिलिमीटरच जाड असते. तिथे पूर्ण लांबीचा ब्लॉक बसवला तर तो मागून बाहेर डोकावतो.

याखेरीज तारांमधलं अंतर पिकअपच्या चुंबकांशी जुळतं का, फिंगरबोर्डच्या गोलाईशी सॅडलची गोलाई जुळते का आणि नव्या ब्रिजची किमान उंची चालेल का, हे पाहावं. तारांना अर्थ देणारी वायर ब्रिजला किंवा मागच्या स्प्रिंगांच्या पट्टीला जोडलेली असते. ब्रिज काढताना ती तुटली आणि तशीच राहिली, तर अ‍ॅम्पमधून घरघर सुरू होते. जुन्या वाड्यांत आणि जुन्या इमारतींत वीजजोडणीचं अर्थिंग धड नसतं, तिथे आधी ते तपासून घेणं जिवाच्या दृष्टीने आवश्यक आहे. नवी भोकं पाडावी लागणार असतील तर जुनी भोकं कठीण लाकडाच्या खुंटीने आणि गोंदाने भरून, वाळल्यावरच पाडावीत. आणि गिटार जुनी, मूळ अवस्थेतली असेल तर तिला ड्रिल लावूच नये. मूळ भाग जपून ठेवावेत. नुकसान भरून न येणारा बदल शेवटी करायचा, हे सूत्र इथे कसोशीने पाळलं पाहिजे.

धातू आणि आवाज

पितळाने आवाज ‘गोड’ होतो, पोलादाने ‘चमकतो’, असं सर्रास म्हटलं जातं. यात तथ्य किती? इलेक्ट्रिक गिटारचा पिकअप तारेचं कंपन टिपतो. ब्रिज त्यात भाग घेतो तो तारेची ऊर्जा किती वेगाने शोषतो या मार्गाने. ढिला, पोकळ, डगमगणारा ब्रिज ऊर्जा खातो. घट्ट आणि ताठ ब्रिज ती तारेतच राखतो. घनतेचे आकडे पाहिले तर पितळ घनसेंटिमीटरला सुमारे ८.५ ग्रॅम, पोलाद ७.८, जस्ताचा मिश्रधातू ६.६ च्या आसपास, अ‍ॅल्युमिनियम २.७. वस्तुमानातला हा फरक कानाला जाणवू शकतो, पण तारांचा प्रकार, पिकअपची उंची आणि नटची अवस्था यांनी पडणारा फरक त्याहून मोठा असतो. स्वस्त ब्रिज बदलल्यावर होणारी सुधारणा पुष्कळदा धातूपेक्षा नेमक्या बनावटीची असते: सॅडल डुलत नाही, स्क्रू सैल होत नाही, तार एकाच रेषेवर टेकते. पैसे द्यायचे ते या नेमकेपणासाठी.

मिरजेची शाळा

आता मिरज. पुण्याहून रेल्वेने पावणेतीनशे किलोमीटरच्या आसपास असलेल्या या गावात एकोणिसाव्या शतकापासून सतार आणि तंबोरा घडतो आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार कुटुंबांतून ही कारागिरी उभी राहिली. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळालं. तिथल्या कारागिराच्या लेखी वाद्याचा प्राण घोडीत, म्हणजे ब्रिजमध्ये असतो, आणि घोडीवरच्या कामाला जवारी म्हणतात.

गिटारचं सॅडल तारेला एका अरुंद कडेवर टेकवतं. तंबोऱ्याची घोडी रुंद असते आणि तिच्या पृष्ठाला अतिशय सूक्ष्म बाक असतो. कंप पावणारी तार त्या बाकावर लोळत जाते, तिचा स्पर्शबिंदू क्षणोक्षणी सरकतो आणि त्यातून स्वरांची वलयं उमटतात. तारेखाली सरकवलेला सुती दोरा हा परिणाम नेमका पकडतो. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली या घोडीचा अभ्यास प्रसिद्ध केला. तार ज्या बिंदूवर छेडली तिथे ज्यांची गाठ पडते ते उपस्वर नेहमीच्या नियमाप्रमाणे ऐकू येऊ नयेत, पण तंबोऱ्यात ते येतात आणि त्याचं कारण घोडीच्या आकारात आहे, हे त्यांनी दाखवून दिलं.

याच मिरजेत राहिलेले उस्ताद अब्दुल करीम खाँ तंबोरा लावण्यात आणि जवारीच्या कामात स्वतः जाणकार होते. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढलं. गाणारा माणूसच वाद्याच्या घोडीकडे इतक्या बारकाईने पाहतो, ही आपली परंपरा आहे. गिटार वाजवणाऱ्यांनी ती आपली मानावी.

जवारीकडून मला तीन धडे महत्त्वाचे वाटतात. पहिला: घोडी तारेप्रमाणे आणि स्वराप्रमाणे घडवायची असते. तारेची जाडी किंवा पट्टी बदलली की जवारी नव्याने काढावी लागते. गिटारवरही नऊचा सेट काढून अकराचा चढवला की ब्रिज पुन्हा लावावाच लागतो. दुसरा: घोडी झिजणार, हे गृहीत आहे. तारेने चर पाडला की कारागीर कानस फिरवून पृष्ठ पुन्हा घडवतो, घोडी टाकून देत नाही. तिसरा: साहित्य बदललं तरी कारागिरी टिकते. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यातल्या पुढच्या दुरुस्त्यांनंतर हस्तिदंत आणि सांबरशिंग गेलं, त्यांच्या जागी हाड, शिसवी लाकूड आणि कृत्रिम पदार्थ आले, पण निर्णय हाताचा आणि कानाचाच राहिला.

जवारीचं तत्त्व इलेक्ट्रिक गिटारवर जाऊनही आलं आहे. १९६७ साली अमेरिकेत डॅनइलेक्ट्रो कंपनीने कोरल इलेक्ट्रिक सितार बाजारात आणली. स्टुडिओ वादक व्हिन्सेंट बेल यांच्या कल्पनेतून तिच्यावर रुंद, सपाट ब्रिज बसवला होता, ज्यावर तार घासत वाजे. स्टीव्ही वंडर यांच्या १९७० च्या ‘साइन्ड, सील्ड, डिलिव्हर्ड’ या गाण्यात तो आवाज आहे. अशा ब्रिजवर इंटोनेशन पूर्ण नेमकं लागत नाही, कारण स्पर्शबिंदूच सरकता असतो. तरीही मिरजेचा कारागीर आणि पुण्याचा गिटारवादक एकत्र बसले, तर स्थिर ब्रिजच्या गिटारसाठी जवारीचं सॅडल घडवण्याचा प्रयोग आपल्याकडे व्हायला काहीच हरकत नाही.

पुण्यात काय आहे, काय हवं

साधनांच्या बाबतीत पुणं भाग्यवान आहे. भोसरी, पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या औद्योगिक पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग शतांश मिलिमीटरच्या नेमकेपणाने कापणारे कारखाने आहेत. पितळी सॅडल किंवा पोलादी ब्लॉक कापणं त्यांना अवघड नाही. सोल्डरिंगचं सामान बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या परिसरात मिळतं. कमतरता आहे ती शिकलेल्या हातांची. गिटार शिकवणारे क्लास गल्लोगल्ली आहेत, पण गिटार लावायला, नट कापायला, फ्रेट घासायला शिकवणारी जागा विरळा. मोटारीच्या मेकॅनिकला आपण प्रशिक्षण देतो, तसं वाद्यांच्या दुरुस्तीचं प्रशिक्षण आयटीआयच्या धर्तीवर सुरू व्हावं, आणि त्यात मिरजेच्या कारागिरांना गुरू म्हणून बोलवावं, अशी माझी कळकळीची मागणी आहे. परदेशी ब्रिज मागवून जे मिळणार नाही, ते अशा शिक्षणातून मिळेल.

तोवर वाचकांनी एवढा क्रम पाळावा. आधी तारा बदला. मग नेक, नट आणि सॅडल लावून घ्या. त्यानंतर ब्रिज उघडा, साफ करा, झिजलेलं सॅडल किंवा स्क्रू तेवढाच बदला. इतकं करूनही दोष उरला आणि तो ब्रिजचाच आहे असं जाणत्याने सांगितलं, तर मापं घेऊन, लाकूड न कापता बसेल असा ब्रिज घ्या. लाकूड कापावं लागणार असेल, तर ती गिटार विकून हव्या त्या ब्रिजची दुसरी घेणं बहुतेक वेळा स्वस्त आणि शहाणपणाचं ठरतं.